फळ्याची वरची ओळ

साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून बाई वळल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात पत्र घेऊन उभा होता. डबा वरच ठेवायचा हा घरातला दोन वर्षांचा कायदा होता. नवऱ्याला साखरेचं पथ्य होतं, तो उंचीने जेमतेम बाईंच्या कानाएवढा होता, आणि चोरून खाण्याच्या बाबतीत त्याचं वय सात वर्षांच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. "हॉस्पिटलचं आहे," तो म्हणाला, "तुझ्या खांद्याला आलंय." जणू घरात खांद्याला वेगळं टपाल येत होतं. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच पत्र वाचलं. छत्तीस वर्षं दुसरीच्या मुलांच्या वह्या तपासल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती, मजकुराच्या आधी भाषा बघायची. भाषा स्वच्छ होती. आपण ज्या अभ्यासात सहभागी झालात तो आता पूर्ण झाला आहे. आपण कोणत्या गटात होतात हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. आपल्या बाबतीत खांद्यावर फक्त दोन छेद घेऊन ते शिवण्यात आले. सांध्याच्या आत कोणतीही शस्त्रक्रिया करण्यात आली नाही. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. एकही चूक नव्हती.

"काय म्हणतात?" नवऱ्याने विचारलं. "म्हणतात, काही केलंच नाही." "कसलं काही?" "ऑपरेशन हो. कातडी कापली आणि शिवली. आत हातसुद्धा लावला नाही." नवऱ्याने पत्र घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. त्याचं सगळं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात गेलं होतं आणि काट्यावर जे दिसतं त्यापलीकडे जगात काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. "मग झकासच झालं की," तो म्हणाला. "तुझा हात वर जातोय ना? आत्ता डबा ठेवलास ना? मीटर फिरतोय म्हणजे पाणी येतंय. ते कुठल्या टाकीतून आलं, ते आपण कशाला विचारायचं?" आणि मग थोडं थांबून, पत्राची घडी घालताना, "डॉक्टरनीच हात वर केले, आता तू खाली करू नकोस म्हणजे झालं." बाई हसल्या. खरोखर हसल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना आपलं ते हसणं आठवत राहिलं. घराबाहेर पडताना मागे वळून दिवा बंद केला की नाही ते बघावं, तसं त्या ते पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. तेव्हा सगळं ठीक होतं का? हसताना खांदा हलला होता का?

चार वाजता त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि स्वतःच्या कपापुरती साखर काढायला हात वर केला. हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला. आधी दुखलं नाही. नुसता थांबला, एखादं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत धावत येतं आणि उंबऱ्याशी थबकतं तसा. बाईंनी त्याला मनातल्या मनात सांगितलं, चल. हात तिथेच. मग दुखणं आलं, आणि ते नवीन नव्हतं. त्यांनी त्याला लगेच ओळखलं. खांद्याच्या वाटीत कुणीतरी मूठभर रेती टाकून वर वजन ठेवावं, तसं ते दोन वर्षांपूर्वीचं दुखणं होतं, आणि एवढे दिवस ते कुठेच गेलेलं नसावं, दाराआड गप्प उभं असावं. आधण उतू गेलं. त्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला. नवऱ्याने ते बघितलं. मनाचे खेळ आहेत, बाईंनी स्वतःला बजावलं, मुलाला दटावतात त्या आवाजात. पण मनाचे खेळ म्हणजे काय? जे गेलं तेही मनाचंच होतं ना? मग आता आलंय ते कोणाचं?

दोन वर्षांपूर्वी हाच उजवा हात आखडला तेव्हा पहिल्यांदा गेली ती फळ्याची वरची ओळ. इतर वर्गांत त्या ओळीत तारीख असायची. बाईंच्या वर्गात तारीख खाली, कोपऱ्यात. वरची ओळ त्या वेगळ्या कामासाठी राखून ठेवत. आयुष्यात पहिल्यांदा ज्याला जे जमलं, ते त्या दिवशी त्या ओळीत लिहिलं जायचं. आज हिने बुटाची नाडी स्वतः बांधली. आज ह्याने आठवड्याचे वार न चुकता म्हटले. आज हिने रडण्याआधी सांगितलं. ओळ अगदी वर, फळ्याच्या चौकटीला चिकटून, कारण तिथे कुठल्याच मुलाचा हात पुरत नाही, दिवसभर ती कुणी पुसू शकत नाही. घरी जाताना मुलं मान वर करून आपलं नाव बघायची, चंद्राकडे बघावं तशी. पुढे हात वर जाईना तेव्हा बाई ओळ खाली लिहायला लागल्या, आणि मधल्या सुट्टीपर्यंत मुलांच्या कोपरांनी, पाठींनी ती पुसली जायची. एकदा एक पोरगं ढसाढसा रडलं. "बाई, माझं जमलेलं पुसलं," ते म्हणालं. बाईंनी पुन्हा लिहिलं, पण पुन्हा लिहिलेलं पहिल्यांदा जमलेलं नसतं, हे सात वर्षांच्या पोरालाही कळत होतं. त्या स्टुलावर चढून बघायच्या, तर वर्ग हसायचा आणि खांदा बोंबलायचा. हेडसर चांगले गृहस्थ, एकदा चहा पिता पिता म्हणाले, "बाई, ग्रंथालयात पुस्तकं लावायला कुणीतरी जाणतं माणूस हवंच आहे." बाईंनी कप खाली ठेवला आणि त्याच दिवशी हॉस्पिटलची वाट धरली.

सर्जन उंच होता आणि हळू बोलायचा. खांद्यातलं एक हाड स्नायूवर घासतंय, दुर्बिणीतून ते तासून काढतात, जगभर लाखो लोकांचं काढतात, आणि त्याने खरंच किती फरक पडतो ते कुणी नीट मोजलेलं नाही, असं त्याने सरळ सांगितलं. म्हणून हा अभ्यास. अर्ध्यांचं हाड तासायचं, अर्ध्यांना नुसते छेद. ज्याचा त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. "चिठ्ठी ऑपरेशनच्या टेबलापाशीच उघडतात. तोपर्यंत मलाही माहीत नसतं," तो म्हणाला. "नंतर मोजणाऱ्यांनाही नाही." बाईंनी संमतीपत्र अक्षर न् अक्षर वाचलं, एके ठिकाणी राहिलेला पूर्णविराम स्वतःच्या पेनाने दिला आणि सही केली. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर वीस इकडे, वीस तिकडे. गणित साधं होतं. पण परीक्षेचा पेपर देऊन आलेलं प्रत्येक मूल आपण पास होणाऱ्या निम्म्यातच आहोत असं धरून चालतं, तसं बाईंनीही धरलं. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. फिजिओ, म्हणजे व्यायाम शिकवणारी आणि कोन मोजणारी एक तरुण मुलगी, तिच्याकडे लांब दांड्यांचं मोठं कोनमापक होतं. कंपासपेटीतल्या कोनमापकाचं हे थोरलं भावंड बघून बाईंना फार बरं वाटलं. पहिल्यांदा पंच्याऐंशी. मग एकशे वीस. सहाव्या आठवड्यात ती मुलगी ओरडलीच, "एकशे साठ! जमतंय की, बाई!" आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलं होतं, त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिलं, आज बाईंचा हात वर गेला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. खांद्यावरचे ते दोन लहानसे व्रण त्या शिक्षकखोलीत मैत्रिणींना दाखवायच्या, बक्षिसाची पदकं दाखवावीत तसे.

पत्र आलं त्या रात्री त्यांना झोप लागली, पण पहाटे जाग आली ती चिमणीच्या आठवणीने. चिमणी हे एका जुन्या विद्यार्थिनीचं वर्गातलं नाव. अंगाने तेवढीशी आणि चोच कायम बंद. सतरा-अठरा वर्षं झाली असतील. बोलायला लागली की पहिल्याच अक्षरावर अडायची, मान ताणायची, डोळे मिटायची, आणि बाकीचा वर्ग तिच्यासाठी श्वास धरून बसायचा, ते तिला हसण्यापेक्षाही नकोसं व्हायचं. बाईंनी एक दिवस तिला जवळ बोलावलं आणि तिच्या हातात एक पांढरा गुळगुळीत खडा ठेवला. "हा बोलणाऱ्यांचा खडा आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "माझ्या बाईंनी मला दिला होता. खिशात ठेव, अडलीस की मुठीत धर. कुणाला सांगू नकोस." खडा शाळेच्या मैदानातला होता. सकाळीच उचललेला. आठवडाभराने चिमणीने एक वाक्य पूर्ण वाचलं, महिन्याने धडा, आणि वर्ष संपता संपता ती इतकी बोलायला लागली की तिला गप्प बस असं म्हणायची पाळी आली. बाईंनी वरच्या ओळीत तिचं नाव किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. एवढ्यावर थांबायचं होतं. पण बाईंना वाटलं, हे खरं नाही. पोरीला कळायला हवं की हे सगळं तिचं स्वतःचं आहे, दगडाचं नाही. लबाडीवर उभं केलेलं किती दिवस टिकणार? शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळ्यांच्या देखत, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "हिच्याकडे एक खडा आहे. तो मी मैदानातून उचलला होता! त्यात काही नाही. जे आहे ते सगळं हिच्यातच आहे!" केवढ्या टाळ्या पडल्या. चिमणी हसली. छान हसली. दुसऱ्या दिवशी हजेरीला तिचं नाव आलं तेव्हा तिने मान ताणली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने नुसता हात वर केला. शाळा सोडेपर्यंत ती हजेरीला हातच वर करत राहिली. जाताना खडा बाईंच्या टेबलावर ठेवून गेली, पेपर लिहून झाल्यावर शिल्लक पुरवण्या परत कराव्यात तसा. पुढे कधीतरी तिची आई बाजारात भेटली. "बरी आहे हो," आई म्हणाली. "नोकरी लागली. फारसं बोलावं लागत नाही तिथे."

पहाटेच्या त्या उजेडात बाईंना पहिल्यांदा कळलं की चिमणी तेव्हा का हसली. आपण काल हसलो तेच ते हसणं होतं. आणि आपण जे केलं ते या सर्जनने केलं, आपल्याच हेतूने, आपल्याच स्वच्छ भाषेत. राग धरायचा तर कोणावर? हक्क होता. त्यांचा हक्क होता खरं कळण्याचा. चिमणीचाही होता. बाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या हात वर करून पाहिला. छत दूर होतं आणि हात मध्येच.

आठ दिवस त्यांनी वाट पाहिली, मग हॉस्पिटलात गेल्या. तीच खोली, भिंतीला तीच हिरवी पट्टी, तीच मुलगी; दोन वर्षांत तिने केस कापले होते आणि तिच्या गळ्यात आता वेगळ्या रंगाचं ओळखपत्र होतं. "बाई! या या. आपला अभ्यास छान आवरला बघा," ती म्हणाली, आणि तिने कोनमापक लावलं. सत्तर. तिने पुन्हा लावलं. सत्तर. "कधीपासून?" "मंगळवारपासून. दुपारी चारपासून." "पडलात? काही जड उचललंत?" "पत्र उचललं," बाई म्हणाल्या. मुलीने कोनमापक मांडीवर ठेवलं आणि त्याचे दांडे उगाच मिटत-उघडत बसली. बाईंना तिची दया आली. चूक सापडलेल्या पोराला आपणच उत्तराकडे न्यावं लागतं, तशा त्या म्हणाल्या, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. यावर उपाय आहे. माझं आता खरं ऑपरेशन करा. हाड तासा. मी राहिलेल्या निम्म्यातली आहे ना, मला आता पलीकडच्या निम्म्यात घ्या." मुलीने मान हलवली. "बाई, तिकडच्यांचेही हात एवढेच वर गेले. आम्ही सगळ्यांचं मोजलं. हाड तासलं काय, न तासलं काय, सारखंच. तेच तर निघालं अभ्यासातून." "म्हणजे?" "म्हणजे ऑपरेशनचा उपयोग नव्हता. म्हणून आम्ही ते आता करतच नाही. इथे बंद झालं. बाकीच्या ठिकाणीही होईल हळूहळू."

उदाहरण बाईंना समजलं होतं, आणि उत्तर बरोबर होतं. त्यात त्यांना कुठेही लाल रेघ मारता येत नव्हती. खोटं होतं ते कळून गेल्यामुळे आता चालणार नाही, आणि खरं होतं ते खोट्याइतकंच होतं. दोन्ही दारं एकाच भिंतीवर रंगवलेली. "किती लोक वाचतील मग," त्या म्हणाल्या. "उगीच कापून घ्यायचे." "हो ना. हजारो." "चांगलं केलंत तुम्ही." हे त्या मनापासून म्हणाल्या, आणि तसं म्हणता आल्याचं त्यांनाच नवल वाटलं. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "हे सत्तर कुठे लिहिणार?" मुलगी ओशाळली. "अभ्यास संपलाय, बाई. पत्रं गेल्यानंतरचं मोजायचं असं काही ठरलंच नव्हतं. तुमचं एकशे साठच राहील." तिने कपाटातून व्यायामाचा छापील कागद काढला. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रोज थोडं थोडं. "नेमाने करा. येईल परत. जमेल, बाई." आणि बोलताच ती थांबली, कारण तो आवाज दोघींनाही ऐकू आला होता. हळू, ठाम, थोडा गोड, शेवटच्या अक्षरावर वर जाणारा. बाईंना तो आवाज आतून-बाहेरून माहीत होता. तो त्यांचाच होता. समोरून तो कसा ऐकू येतो, ते मात्र त्यांना आजवर माहीत नव्हतं.

घरी आल्या तेव्हा साखरेचा डबा खालच्या फळीवर होता. नवऱ्याने स्टूल घेऊन तो काढला होता आणि त्यांच्या हाताशी येईल असा, डाळीच्या डब्याशेजारी ठेवला होता. "तुला त्रास नको," तो वर्तमानपत्राआडून म्हणाला. बाईंनी दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघितलं, तिसऱ्या दिवशीही. त्याने त्यातून चमचाभरही चोरलं नव्हतं. हाताशी डबा, आणि माणूस त्याकडे बघतही नाही. भांडायला तरी काहीतरी ठेवायचं होतं त्याने. व्यायाम त्या नेमाने करत होत्या. न्हाणीघराच्या भिंतीवर बोटं चालवत न्यायच्या, एक, दोन, तीन, आणि सातव्या फरशीपाशी बोटं थांबायची. हात कापलेला नाही, आतलं काही तुटलेलं नाही, डॉक्टरांनी तर आत स्पर्शही केलेला नाही; मग आठव्या फरशीवर आहे तरी काय? दोन वर्षं तो तिथे जात होता तेव्हा त्याला कोण नेत होतं? नवरा बाहेरून विचारायचा, "किती झालं आज?" आणि त्या म्हणायच्या, "सात." मीटरच्या माणसाला आकडा पुरतो. तोही काही दिवसांनी विचारायचा थांबला.

शाळेत कुणाला त्यांनी काही सांगितलं नाही. हेडसरांनी ग्रंथालयाचा विषय अजून काढला नव्हता, पण हल्ली ते बाईंच्या वर्गावरून जाताना खिडकीशी रेंगाळायचे. बाई वरची ओळ पुन्हा खाली लिहू लागल्या, खांद्याइतक्या उंचीवर, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती पुसली जाऊ लागली. या वर्षीच्या मुलांना ओळ कधी वर होती हे फारसं आठवतही नव्हतं. ती उड्या मारून नावाला हात लावायची आणि बोटं खडूने पांढरी करून घ्यायची. मजेत होती. मान वर करून बघायचं मात्र राहून गेलं.

त्या दिवशी हातच्याची वजाबाकी चालली होती. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, वह्यांच्या कडा कुरतडणारी, वर्षभर फळ्याला घाबरणारी, आपणहून उठून पुढे आली. बाईंनी तिच्या हातात खडू दिला. बावन्नमधून सदतीस. दोनातून सात जात नाहीत, इथपर्यंत ती बोटांवर आली आणि थांबली. वर्गाने श्वास धरला. मुलीने खडू फळ्याला टेकवला, उचलला, आणि मान वळवून बाईंकडे बघितलं. तिला उत्तर नको होतं. छत्तीस वर्षांत शेकडो मुलांनी त्यांच्याकडे असं बघितलं होतं आणि त्यांना काय हवं असतं ते बाईंना पाठ होतं. फक्त तो आवाज हवा असतो. तेवढ्यावर शेजारच्या दशकातून एक दशक उचलून आणायचा धीर येतो. "बाई," तिने हळूच विचारलं, "जमेल का मला?"

बाईंनी तोंड उघडलं. शब्द होता, तिथेच होता, हजारदा वापरून गुळगुळीत झालेला. तो छातीतून निघाला, गळ्यापर्यंत आला, आणि थांबला. मुलगी वाट बघत होती. खिडकीबाहेर हेडसर उभे होते. बाईंनी नुसती मान हलवली, हो असंही नाही, नाही असंही नाही, आणि मग, ती खडू ठेवून जागेवर परत जाताना तिच्या पाठीकडे बघत, त्यांनी डाव्या हाताने ते उदाहरण पुसून टाकलं.